इन्फरमंटचा चहा

आबा,

तुम्ही नळावर हात धूत आहात. कोरेगावच्या रेल्वे क्वार्टरच्या मागं चार घरांत मिळून एक नळ होता. रूळदुरुस्तीच्या गँगवरून आलात की वहाणा पायरीशी काढायच्या, बाह्या कोपराच्या वर सरकवायच्या आणि लाल साबणाची झिजलेली वडी घेऊन तिथं उकिडवं बसायचं. एकदा धुवायचे, झटकायचे, नखांत बघायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आई दारातून म्हणायची, "आवं, हात हायती का तांब्याची भांडी? भाकरी निवली." तुमचं लक्ष नसायचं. मी सुट्टीला साताऱ्याच्या बोर्डिंगातून नुकतीच आलेली असायची, कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट अजून अंगावरच, आणि तुमच्या शेजारी बसून मीही दोनदा हात धुवायची. तुम्ही धुता म्हणून मी धुवायची. का धुता हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं कधी वाटलंही नाही. माणसं जेवायच्या आधी हात दोनदा धुतात, एवढंच मला माहीत होतं.

आज सकाळी विश्रामबागच्या घरात मी बेसिनपाशी उभी राहून हात दोनदा धुतले. कशाला हात लावला नव्हता. फक्त फोनवर बोलले होते.

माझी एक विद्यार्थिनी आहे, आष्ट्याची, ऊस-हळदीच्या घरातली. पहिल्या वर्षी आमच्या पुरातत्त्व विभागातल्या हाडांच्या खोलीत आली तेव्हा नाकाला रुमाल लावून उभी होती. आता ती चीनच्या वायव्येला त्या दफनभूमीवर काम करते, जिथं मी तीस वर्षांपूर्वी सहा आठवडे होते. त्या दफनभूमीवर आता मोठं पुस्तक निघतं आहे आणि माझा जुना लेख त्यात पुन्हा छापायचा आहे. तिचा फोन त्यासाठीच होता.

"मॅडम, त्या टिपेतला माणूस कोण हो? 'एक स्थानिक माहितगार' एवढंच लिहिलंय तुम्ही. इथली मंडळी मला विचारून विचारून खायला उठलीत. अख्खा लेख त्या माणसाच्या वाक्यावर उभाय आणि त्याला नावच नाही."

"जुनी गोष्ट आहे गं."

"मग आठवा की. सोमवारपर्यंत वेळ आहे. जिवंत आहेत का ते?"

"नाहीत."

"अरेरे. मग घरचं कोणी असेल ना त्यांचं? त्यांना विचारा, नाव छापलं तर चालेल का म्हणून."

मी म्हटलं, विचारते. म्हणून हे विचारायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि घरचं कोणी म्हणाल तर मी आणि धाकटा. धाकटा म्हणेल, ताई, तुला काय वाटेल ते कर. मला काय वाटतं हेच तर मला कळत नाही.

थकले आहे, आबा. गुडघे थकले तर समजतं, वय झालं. पण मला लपवायचाही थकवा आला आहे, आणि तो झोपून उठलं तरी जात नाही. पुढच्या महिन्यात मी हे घर सोडून धाकट्याच्या शेजारी दोन खोल्यांत जाणार. घरभर खोकी आहेत. निम्मी हाडं विभागानं नेली, निम्मी अजून इथंच, चिठ्ठ्या लावलेली. चिठ्ठ्यांवरचं अक्षर सिस्टरांनी घडवलेलं, गोल आणि सरळ. इतकी वर्षं झाली, एकही ओळ खाली उतरत नाही. बोर्डिंगात दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवत. पाकीट बंद करायच्या आधी सिस्टर ते वाचायच्या. वाचणाऱ्याला ओशाळं वाटेल असं पत्रात काही लिहू नये, असं त्या सांगायच्या. मी ते फार मनावर घेतलं. मावशी त्यांच्या स्वयंपाकघरात कामाला होती म्हणून मला तिथं जागा मिळाली, हेसुद्धा मी पुढं कधी कुणालाही लिहिलेल्या पत्रात आणलं नाही. तुम्ही गँगमन आहात हेही नाही. मुलींनी विचारलं तर मी म्हणायची, "रेल्वेत." ते खोटं नव्हतं. खरं कुठं थांबवायचं हे मी तेव्हाच शिकले.

ती म्हैस आठवते तुम्हाला? दिवाळीची सुट्टी होती, मी नऊ-दहा वर्षांची. सकाळी तुमचा डबा घेऊन रुळाच्या कडेकडेनं आले तर मालगाडी मध्येच उभी, आणि इंजिनापुढं म्हैस पडलेली. गँगची सगळी माणसं भोवती उभी होती. सगळे तुमच्याकडं बघत होते. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांत ताकदवान म्हणून बघत असतील. मुकादम म्हणाला, "चल गड्या, वड बाजूला. गाडी थांबलीया." तुम्ही हातातलं फावडं खाली ठेवलं. आपटलं नाही; भांडं ठेवावं तसं ठेवलंत. म्हणालात, "वडू की. पर समद्यांनी धरायचं. म्या येकट्यानं न्हाई."

"आता हितं काय पंचाईत काढतूस रं? तुला म्हाईत हाय कसं वडायचं."

"म्हाईत हाय म्हनूनच सांगतूया. धा मानसांचं काम हाय. धरा."

ड्रायव्हर वरून ओरडत होता. कोणी तरी हसलं, कोणी तरी थुंकलं. तुम्ही हलला नाहीत. मग एक म्हातारा गँगमन पुढं आला आणि त्यानं मागचा पाय धरला. मग दुसरा आला. शेवटी मुकादमानंही डोक्याचं मुंडासं सोडून कमरेला बांधलं आणि शिंग धरलं. दहा जणांनी मिळून म्हैस ओढली. सगळ्यांचे हात सारखेच भरले. मग सगळे एकाच डबक्यावर हात धुवायला बसले, आणि मला आठवतं, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही फक्त एकदाच धुतलेत.

धम्मदीक्षा घेतली तेव्हा तुम्हाला नुकतंच मिसरूड फुटलं होतं, आणि त्या दिवसापर्यंत गावातलं पडलेलं प्रत्येक जनावर तुमच्या बापानं आणि तुम्ही ओढलेलं होतं, सोललेलं होतं, हे मला फार नंतर आईकडून कळलं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आज्यानं सुरी विहिरीत टाकली. तुम्ही त्या सुरीबद्दल कधी बोलला नाहीत.

मला मात्र हाडांची ओढ लागली. कशी लागली ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्यासाठी तुमच्या हातचा एकुलता एक मार मी खाल्ला. कोरेगावच्या शिवारात धनगरांचा वाडा बसलेला होता. त्यांच्यातल्या एका मुलीनं मला मेंढ्याच्या घोट्याची पाच हाडं दिली, घासून घासून गुळगुळीत झालेली. ती सागरगोट्यांसारखी खेळायची, वर फेकायची, हाताच्या पालथ्या बाजूवर झेलायची. मी ती बोर्डिंगात नेली. भेटीच्या रविवारी तुम्ही आलात. पांढरा सदरा, हातात चिवड्याचा पुडा. आणि मी चिंचेखाली मुलींच्या घोळक्यात हाडं झेलत बसलेली. तुम्ही पुडा खाली ठेवलात आणि माझ्या हातावर मारलंत. हाडं गवतात उडाली. "आमी ही टाकली," तुम्ही म्हणालात, "आन् तू उचलतीस व्हय?" मुली बघत होत्या. मला फक्त एवढंच कळलं की मी काहीतरी घाण केलं. पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा आलात, दर रविवारी यायची ऐपत आणि रजा दोन्ही नसताना, आणि खिशातून पाच सागरगोटे काढलेत. खरे, राखाडी, टणक बियांचे. साताऱ्याच्या बाजारात शोधून आणलेले. "ह्यानं खेळ," म्हणालात, "सवच्छ असत्यात." ते अजून माझ्याकडं आहेत.

पुढं मी हाडांचंच शिकले. तुम्ही अडवलं नाहीत, आनंदही दाखवला नाहीत. आई गेल्यावर आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर माझ्याकडं विश्रामबागला आलात, तेव्हा एकच अट घातलीत. मी काम करून स्वयंपाकघरात आले की तुम्ही पेपरमधून मान वर न करता विचारायचा, "हात धुतलंस?" मी म्हणायची, धुतले. "दोनदा?" मग मी पुन्हा बेसिनकडं वळायची. एकदा मी चिडून म्हणाले, "आबा, ही हाडं दोन हजार वर्षांची आहेत. त्यांना आता कशाचाही वास येत नाही." तुम्ही पान उलटलंत. "वास त्यास्नी न्हाई येत. आपल्याला येतूया."

चीनला जायची संधी आली तेव्हा मात्र तुम्ही खूश झालात. आपला धम्म इथून तिकडं गेला, तिकडचे भिक्खू डोंगर-वाळवंट ओलांडून पोथ्या न्यायला इकडं आले, हे तुम्ही बुद्धविहारातल्या व्याख्यानात ऐकलेलं होतं, आणि माझ्या जाण्याला तुम्ही त्याच वाटेवर नेऊन बसवलंत. मी ज्या थडग्यांसाठी जात होते ती धम्म तिकडं पोचायच्या आधीची आहेत, हे तुम्हाला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ती जागा तुम्ही पाहायला हवी होती. पिवळ्या मातीचा उतार, झाड नाही, आणि वारा असा की तोंडात माती. खालच्या अंगाला शेतकऱ्यांची जुनी थडगी होती, त्यांत डुकरांचे जबडे ठेवलेले. वरच्या अंगाला नंतर आलेल्या लोकांची. ते उत्तरेच्या गवताळ मुलखातून आलेले, घोडे आणि मेंढरं घेऊन. त्यांच्या थडग्यांत माणसाच्या पायथ्याशी मेंढ्यांची डोकी आणि खूर, ओळीनं मांडलेले, सगळ्यांची तोंडं एकीकडं. मधलं शरीर नाही. आणि या दोन्हींच्या मध्ये थोडी थडगी अशी होती की एका कोपऱ्यात डुकराचा जबडा आणि दुसऱ्या कोपऱ्यात मेंढीचं डोकं. मडकं खालच्यांचं, कमरेच्या पट्ट्याचा काशाचा आकडा वरच्यांचा. आम्ही शास्त्रीय भाषेत त्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतो. मला तिथं उभं राहून वाटायचं, ही कोणाची तरी सून असेल. मेल्यावर माहेरच्यांनी आपलं ठेवलं, सासरच्यांनी आपलं, आणि कोणी कोणाला अडवलं नाही. मेंढरंसुद्धा त्या देशाची मूळची नव्हेतच. ती फार पूर्वी पश्चिमेकडून माणसांबरोबर चालत चालत आली. हाडांत हे सगळं राहतं. माणसं काय बोलली ते राहत नाही.

एका थडग्यात सहा-सात वर्षांचं मूल होतं. त्याच्या हाताशी मेंढ्याच्या घोट्याची हाडं होती, घासून गुळगुळीत झालेली. मी ब्रश खाली ठेवला आणि वाऱ्यानं डोळ्यांत माती गेली असं सांगून तंबूत गेले. तुमचा फटका मला तिथं, इतक्या लांब, पुन्हा लागला. आणि पहिल्यांदाच असं वाटलं की मी घाण काही केलं नव्हतं. त्या मुलालाही कोणीतरी ती दिली होती, खेळायला, पुढच्या प्रवासातही. हे परत आल्यावर तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

परत येताना आणले ते थडग्यांतल्या मेंढ्यांच्या हाडांचे प्लास्टरचे साचे आणि मोठे फोटो. त्या डोक्यांवर आणि पायांवर सुरीच्या खुणा होत्या. काही थडग्यांत एक-दोन, स्वच्छ. काहींत मात्र दहा-दहा, एकमेकींवर, ओरखडल्यासारख्या. आमच्यातले सगळे म्हणत होते की हा बळीचा काही विधी असावा, जितक्या खुणा तितका मोठा मान. मीही तसंच लिहायला घेतलं होतं. एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर साचे मांडून बसले होते, तुम्ही चहासाठी आलात. रोज तुम्ही कप उचलून बाहेरच्या खुर्चीत जायचा. त्या दिवशी उभे राहिलात.

"कुटलं हे?"

"चीनमधलं."

"आपला धम्म तिकडं जायच्या आदीचं?"

"आधीचं, आबा."

"मग त्यास्नी काय म्हाईत बिचाऱ्यांला," असं म्हणून तुम्ही खुर्ची ओढलीत, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर हाडाला हात लावलात. प्लास्टरचं होतं, म्हणून असेल. डोळ्यांजवळ नेलंत, अंगठा खुणांवरून फिरवलात. मी भिंग पुढं केलं, ते तुम्ही घेतलं नाहीत.

"ह्ये मारलेलं हाय," एक साचा उजवीकडं ठेवलात. "आन् ह्ये पडलेलं."

"पडलेलं म्हणजे?"

"पडलेलं म्हंजी पडलेलं. आपसूक मेलेलं. रोगानं, थंडीनं, म्हातारं हून. कुणी मारलं न्हाई."

"कशावरनं?"

तुम्ही दुसरा साचा खाली ठेवलात. मग म्हणालात, "ताजं जनावर आसलं का कातडं मुठीनं सुटतंय. हिकडं येक काप, तिकडं येक, आन् मूठ सारत जायाचं. सुरी लागतच न्हाई. पर रातभर पडून ऱ्हायलं, गारठलं, का चिकटून बसतंय. मग सुरीनंच खरवडायचं. घासायचं आन् वडायचं. हात भरून येत्यात. मग हाडावर आशा रेघा उठत्यात." आणि हवेत, त्या टेबलावर, तुमची उजवी मूठ आपोआप वळली आणि कातडं सुटतं तशी पुढं सरकली. तुम्ही ती लगेच मांडीवर ठेवलीत.

"आणि डोकं-पाय का ठेवलेत?"

"ती कातड्याला तशीच ठिवत्यात. डोकं आन् खूर लागलेलं कातडं आथरलं म्हंजी आख्खं जनावर दिल्यागत दिसतंय. मटान जित्या मानसांनी खाल्लं आसंल." मग म्हणालात, "ज्यांच्या घरात मारायला जनावर हुतं त्यांनी मारून दिलं. ज्यांच्यात न्हवतं त्यांनी पडलेलं दिलं. गरिबाचं मरान हाय हे, बाय. त्यात इधी-बिधी काय न्हाई."

तो सगळा लेख एवढाच आहे. मी नंतर दोन वर्षं मोजमापं केली, कोष्टकं केली, जास्त खुणांची थडगी कोणती, त्यांत कासं किती आणि मडकी किती ते पाहिलं. जास्त खुणा खरोखर रिकाम्या थडग्यांतच निघाल्या. पुरावा म्हणावा इतकं ते पक्कं नाही, पण तो प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. जिथं लोकांना देवासाठीचा बळी दिसत होता, तिथं तुम्हाला मेलेल्या मेंढीचं कातडं का होईना, पण आपल्या माणसाला द्यायचंच, म्हणून थंडीत खरवडत बसलेला कोणीतरी दिसला. मला त्या लेखानं नाव दिलं, पुढची नोकरी दिली. आणि मी टिपेत लिहिलं, एक स्थानिक माहितगार.

छापून आल्यावर मी तुम्हाला तो दाखवला. तुम्ही चष्मा लावलात. इंग्रजी येत नव्हतं, तरी पानं उलटलीत. "ह्यात मी कुटं हाय?" मी त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे तुम्ही." "काय लिवलंय?" "इन्फॉर्मंट. माहिती देणारा." तुम्ही माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलंत. "नाव न्हाई घालत व्हय?"

"नाही आबा. तशी पद्धत नाही."

पद्धत होती. शेवटच्या पानावर आभार मानले होते, फोटो काढणाऱ्याचे, साचे करणाऱ्याचे, आम्हाला रोज खोदकामावर नेणाऱ्या ड्रायव्हरचेसुद्धा, नावानिशी. पण तुमचं नाव घातलं असतं तर त्या नावाच्या माणसाला हे कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलं असतं. आपलं आडनाव गावावरून घेतलेलं, माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. विभागात कोणी काही विचारत नसे, आपापल्या मनानं काय ते समजून घेत, आणि मी ते तसंच राहू दिलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्हालाच नको असेल, तुम्ही ते टाकलं होतं, दोनदा हात धूत होतात, मी कशाला ते छापून जगाला सांगू? म्हणजे मी लपवलं ते तुमच्यासाठी. पण तुम्ही तर विचारलं होतंत, "नाव न्हाई घालत व्हय?" ज्याला लपायचं असतं तो असं विचारत नाही.

आणि तुम्ही तो शब्द उचललात. खिशाला बिल्ला लावावा तसा लावून फिरलात. न्हाव्याला सांगितलंत, भाजीवालीला सांगितलंत. चारच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचा आणि म्हणायचा, "काय बाय, इन्फरमंटला च्या मिळंल का?" मी हसायची. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं.

एका रविवारी पुण्याहून आमचे मोठे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले होते. तुम्ही इस्त्रीचा लेंगा-शर्ट घालून बाहेर आलात. मी म्हटलं, "हे माझे वडील. रेल्वेत होते." सरांनी विचारलं, कोणत्या पदावर? तुम्ही म्हणालात, "गँगमन. आन् आता हिचा इन्फरमंट." सरांनी भुवया उंचावल्या. मी मध्येच बोलले, "आबांना चेष्टा करायची सवय आहे," आणि इंग्रजीत प्रवासाचं काहीतरी विचारलं. जेवणं झाली. नंतर मी चहा केला, सगळे बोलत होते, तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीतून चहा मागितलात म्हणे. मला ऐकू आलं नाही. मग तुम्ही उठून आत गेलात आणि स्वतःच करून घेतलात. संध्याकाळी मी म्हटलं, "आबा, मला ऐकू आलं नाही." तुम्ही म्हणालात, "आसूं दे. गोंधळ हुता." त्यानंतर तो शब्द तुमच्या तोंडून गेला. चहा मागायचात, पण नुसता चहा.

दुपारभर मी त्या म्हशीचा विचार करते आहे. मी नेहमी ती गोष्ट अशी आठवत आले की तुम्ही ओढायला नकार दिला. पण तुम्ही नकार दिलाच नव्हता. कसं ओढायचं ते ठाऊक आहे, हेही लपवलं नव्हतं, सगळ्या गँगसमोर म्हणालात, "म्हाईत हाय." एकट्यानं धरायला तुमची हरकत होती. बस्स, एवढीच. आणि मी मात्र ते पान तुम्हाला एकट्याला धरायला लावलं, तेही बिननावाचं, आणि लांब उभी राहून हात स्वच्छ ठेवले.

तर टीप मी अशी लिहिली आहे. तुमचं पूर्ण नाव, गावासकट. रेल्वेतले गँगमन. लेखिकेचे वडील. त्यांनी तरुणपणी गावातली पडलेली जनावरं सोलली होती, ते काम त्यांच्या जातीवर लादलेलं होतं आणि त्यांनी ते सोडलं; हे ज्ञान त्या कामाचं आहे, आणि ते लेखिकेच्याही घराचं आहे. आणि लेखाच्या डोक्यावर दोन नावं, आधी तुमचं. त्या मुलीला हे पाठवलं तेव्हा तिचा लगेच फोन आला. तिनं टीप मला मोठ्यानं वाचून दाखवली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी बोलला नाहीत." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं. मी दोन्ही नावं घालते." आष्ट्याच्या त्या घरात तिच्या आजोबांची मेलेली जनावरं कोण ओढत असेल, हा विचार तिच्याही मनात आला असणार. ती बोलली नाही, मीही नाही. पण दोघींना ठाऊक असून गप्प राहणंसुद्धा आमच्यात आधी कधी झालं नव्हतं.

आता बाकीचं. धाकट्यानं हे कधी वाचलं तर त्याच्यासाठी लिहून ठेवते. चीनचे साचे आणि फोटो आष्ट्याच्या मुलीला द्यायचे, सगळे, मारलेल्याचे वेगळे आणि पडलेल्याचे वेगळे, तुम्ही टेबलावर ठेवले होते तसे. मोजमापांच्या वह्या विभागाला. उरलेली हाडंही त्यांनाच, चिठ्ठ्या काढू नयेत. तुमचा रेल्वेचा हातकंदील धाकट्याच्या मुलाला, त्याला तो हवा आहे असं त्यानं दोनदा सांगितलं आहे. पाच सागरगोटे धाकट्याच्या नातीला, आणि तिला जर कधी कुठं मेंढ्याच्या घोट्याची हाडं मिळाली आणि ती त्यांच्याशी खेळली, तर कोणी हातावर मारू नये. हात धुवायचे असतील तर एकदाच. नव्या पुस्तकाची पहिली प्रत बुद्धविहाराच्या कपाटात, ते पान उघडून कोणाला तरी मराठीत वाचून दाखवायला सांगून. आणि तुमचा तो कान तुटलेला कप मी कोणालाही देणार नाही. तो माझ्याबरोबर दोन खोल्यांत येईल.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. सिस्टर म्हणायच्या तसं, यात वाचणाऱ्याला ओशाळं वाटण्यासारखं पुष्कळ आहे, आणि वाचणारी मीच आहे. फक्त एक राहिलं, आबा. त्या रविवारी, पाहुणे बसले होते तेव्हा, तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, "इन्फरमंटला च्या मिळंल का?" आणि मी संध्याकाळी सांगितलं की मला ऐकू आलं नाही.

ऐकू आलं होतं.